एकशेवीस बरण्यांचा उन्हाळा

आरसेनगरात थंडी पडली की कपाळावरची आठी जागच्या जागी गोठायची आणि थेट मार्चमध्ये सुटायची. म्हणून तिथली शहाणी माणसं आपापली भांडणं ऑक्टोबरच्या आत उरकून घ्यायची. कांचन लोहकरेला ती घाई नव्हती. तिला भांडायला आता कुणी उरलंच नव्हतं. म्हणून दिवाळी होऊन आठवडा झाला त्या दुपारी ती दोन स्वेटर, एक शाल आणि वरून नवऱ्याचं जुनं जाकीट अशा थाटात तळघरात उतरली आणि भट्टीशीच भांडायला उभी राहिली.

तिसऱ्यांदा कळ दाबून झाली होती. तिसऱ्यांदा भट्टीनं तेच सांगितलं.

"कृपया बीजवाटी तपासावी."

भट्टीचं मराठी इतकं शुद्ध होतं की तिच्यासमोर चूल हा शब्द काढायचीही लाज वाटावी. कांचननं तिला बार्शीच्या भाषेत दोन शब्द ऐकवले. ते काही भट्टीच्या कोशात नव्हते.

आरसेनगर वसलं होतं स्पितीच्या खोऱ्यात, साडेबारा हजार फुटांवर. खाली मैदानात पस्तीस हजार आरसे आभाळाकडे तोंड करून उभे. त्या आरशांनी तापवलेली वाफ उन्हाळाभर नळांतून घराघरांच्या तळघरात यायची आणि तिथल्या बरण्यांमधलं मीठ वितळवायची. बरणी म्हणजे लोणच्याची नव्हे, माणूस उभा मावेल एवढी, पोलादी. प्रत्येक तळघरात अशा एकशेवीस. हे मीठ खायचं नाही, वेगळंच. त्याची गंमत अशी, की एकदा वितळलं की नंतर गार झालं तरी गोठायचं विसरून जायचं. पाण्यासारखं पातळ राहायचं, महिनोन् महिने, वर्षंसुद्धा. शास्त्रज्ञ त्याला अतिशीत द्रव म्हणायचे. गावातले लोक म्हणायचे, मीठ झोपलंय. मग हिवाळ्यात त्याच मिठाचा एक बारका खडा त्याला नुसता टेकवायचा. दुधाला विरजण लावावं तसं. खडा टेकला की सगळी बरणी डोळ्यांदेखत थिजायची आणि थिजता थिजता पोटातली उन्हाळ्याची ऊब सोडून द्यायची. पहिली बरणी सरत आली की दुसरीला आपोआप विरजण लागायचं, मग तिसरीला. धूर नाही, जाळ नाही. उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यात.

तो खडा भट्टीच्या पुढच्या अंगाला एका पोलादी वाटीत असायचा. हीच ती बीजवाटी. कांचननं ती बाहेर ओढून पाहिली. वाटी लख्ख होती. इतकी लख्ख, की तिला त्यात आपलं नाक दिसलं.

आणि मग तिला दिवाळीची सफाई आठवली.

बावीस वर्षं कांचन आरसे धुणाऱ्या तुकडीची मुकादम होती. आरशावर पांढरा ठिपका राहिला तर दुपारचं जेवण तिच्या घशाखाली उतरत नसे. लोक म्हणायचे, कांचनताई चंद्र घासायला गेल्या तर डाग काढूनच परत येतील. दिवाळीची आवराआवर करताना ती जिन्यावरून प्रथमच तळघरात नीट शिरली होती, आणि भट्टीच्या वाटीला चिकटलेलं पांढरं पुट तिला दिसलं होतं. खारट पाण्याचं दिसतंय, असं म्हणून तिनं उकळतं पाणी आणि लिंबू घेऊन, काथ्यानं खरवडून, ती वाटी अशी घासली होती की देवापुढं ठेवावी.

पुट म्हणजेच विरजण, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तळघर वन्संचं होतं.

वन्सं म्हणजे रत्नप्रभा माने, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. भाऊ गेल्यावर भावजय एकटी पडेल म्हणून महिनाभरासाठी आल्या आणि अकरा वर्षं राहिल्या. दोघींचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. शेवटी घराची वाटणी झाली: एक खोली सोडून वरचं घर कांचनचं, ती खोली नि तळघर वन्संचं. वन्संना सदा थंडी वाजायची, त्या भट्टी वाढवायच्या. कांचन वरून ओरडायची की मला काय इडली समजलात का. त्यांचं भांडण इतकं नियमानं चालायचं की समोरचे लोक त्यावर घड्याळ लावत.

दोन वर्षांपूर्वी २ सप्टेंबरला वन्सं गेल्या. झोपेतच. त्यानंतरचे दोन्ही हिवाळे कांचननं पुण्याला मुलाकडे काढले. ऋग्वेद चांगला होता, सूनही चांगली, आणि दोघं दिवसभर तिच्याशी इतकं गोड बोलायची की तिला गुदमरायला झालं. यंदा उन्हाळा लागताच ती कायमची परत आली. तेव्हापासून घरात दिवसभरात जेवढे आवाज व्हायचे, ते सगळे तिनं स्वतःच केलेले असायचे.

वर बैठकीच्या खोलीतला तापमापक सहा अंश दाखवत होता. काल आठ होते. चाराच्या खाली गेलं की तो तापमापक वसाहतीच्या कचेरीला आपण होऊन कळवणार, आणि पासष्टच्या वरचं एकटं माणूस म्हणून तिला खालच्या गावातल्या ऊबघरात नेणार. हिवाळ्यापुरतंच, असं नियमात लिहिलेलं. आजवर नऊ जण असे हिवाळ्यापुरते गेले. त्यांच्या घरांना आता वेगळ्या माणसांनी वेगळे पडदे लावलेत.

म्हणजे हातात उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

तिनं मदत केंद्राला फोन लावला. पडद्यावर एक तरतरीत मुलगी आली. नवा खडा मिळेल म्हणाली, पण घाटात वारं आहे, उडती गाडी आठ-दहा दिवस यायची नाही; तोवर आजी, आपण ऊबघरात का नाही जात, तिथं भजनं असतात. कांचननं शाल काढली, जाकीट काढलं, समोरचं वर्तमानपत्र घेतलं आणि वारा घालत म्हणाली, की बाई गं, इथं नुसता उकाडा होतोय, आठ दिवसांनी पाठवलंस तरी चालेल. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं तिचे दात एकमेकांवर तबला वाजवत होते.

मग तिनं स्वयंपाकघर तळघरात आणलं. वाटीत साधं मीठ टाकून पाहिलं. सैंधव टाकलं. तुरटी, खडीसाखर, पापडखार, दिवाळीतला उरलेला एक शंकरपाळासुद्धा टाकला, कारण तो दगडासारखा झाला होता आणि काही सांगता येत नाही. बरणीतलं मीठ ढिम्म. त्याला कुठलाही खडा चालत नाही. हुबेहूब आपल्यासारखा रचलेला खडा दिसला, तरच त्याचे कण त्याच्यामागं रांग धरतात. बाकी कशाला ते भीक घालत नाहीत.

"बरणी क्रमांक एक अद्याप द्रव अवस्थेत आहे," भट्टी म्हणाली. "शंकरपाळे काढून घ्यावे."

ते काढताना कांचनचं कोपर लागलं आणि बाजूच्या पडद्यावर साठ्याची यादी उघडली. बरणी एक, भरण दिनांक १९ मे. बरणी दोन, २० मे. रोज एक, असं करत एकशेविसावी १५ सप्टेंबर. वर्ष बघून ती जिन्याच्या पायरीवर बसली.

वर्ष दोन वर्षांपूर्वीचं होतं.

गेल्या दोन्ही हिवाळ्यांत भट्टी पेटलीच नव्हती. त्यामुळे नंतरच्या दोन्ही उन्हाळ्यांत बरण्या भरायचा प्रश्नच आला नव्हता. तिच्या पायाखाली जो उन्हाळा झोपला होता तो वन्संचा शेवटचा उन्हाळा होता, तारीखवार लावून ठेवलेला. १९ मे तर तिला चांगला आठवत होता. वन्संनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कांचननं बरोबर त्यांच्यावर आरसे पुसायची ओली फडकी वाळत टाकली. कुरडयांचा चिखल झाला. तीन दिवस अबोला. वन्सं पाटीवर लिहून मीठ मागायच्या. म्हणजे पहिल्या तीन बरण्या अबोल्याच्या. पुढं आंब्याची पेटी आली ती जूनमध्ये, त्या बरण्या गोड असणार. २ सप्टेंबरनंतरच्या तेरा बरण्या मात्र नुसत्या उन्हाच्या होत्या.

भट्टी सुरू झाली की हे सगळं एकेक करून संपणार होतं. आणि नाही झाली तर घर जाणार होतं, बरण्यांसकट. नव्या पडद्यांची माणसं वन्संचा जून महिना अंगावर घेऊन टीव्ही बघत बसणार होती.

या विचारानं ती उठली. घर वाचवण्यासाठी उठली की कुणा परक्याला ते आंबे मिळू नयेत म्हणून, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही.

समोरच्या घरात आंगमो राहायची. इथलीच, स्पितीची. पंधरा वर्षं कांचनच्या हाताखाली आरसे धुतलेली. तिचं मराठी कांचनच्या ओरडण्यातून शिकलेलं होतं, त्यामुळे त्यात शिव्या फार आणि बार्शीचा हेल पक्का. वन्सं गेल्या तेव्हा आंगमो थर्मास भरून लोणी-मिठाचा चहा घेऊन आली होती. कांचननं दारातूनच घेतला, आत ये म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी थर्मास घासूनपुसून रिकामा परत केला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची असते, हे ठाऊक असून. तेव्हापासून तिला त्या दाराकडे बघवत नव्हतं. रस्ता तेवीस पावलांचा होता. तिनं तो दोन वर्षांत ओलांडला नव्हता.

आंगमोनं दार उघडलं, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चपला काढू नका म्हणाली, फरशी गार हाय. आत तिची म्हातारी आई तीन गोधड्यांमध्ये बसून वाळके वाटाणे निवडत होती. तिनं वाटाण्यांची परात थोडी सरकवून जागा केली.

कांचननं येताना वाटेत बोलायचं सगळं जुळवलं होतं. काहीच कामाला आलं नाही. तिनं नुसती लख्ख वाटी पुढं केली.

आंगमोनं वाटी फिरवून पाहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आईला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, मग आईही हसली, सगळे सहा दात दाखवून.

"घासली का ओ ताई?"

"घासली."

"रत्नाआक्का म्हणल्याच हुत्या." आंगमोनं डोळे पुसले. "कांचन एक दिस ही वाटी घासणार, लिहून ठेव म्हणल्या. आली की तिला खडा दे. पर लगेच देऊ नगंस. आधी जरा बसवून घे."

आंगमो चहा टाकायला उठली आणि पाठमोरीच सांगत राहिली. तीन हिवाळ्यांमागं तिचा खडा विरघळला होता. एका घराचा खडा दुसऱ्या घराला चालत नाही, असं भट्टीच्या पुस्तकात छापलेलं. रत्नाआक्का म्हणाल्या, विरजणाला घर कळत नाही, आणि आपल्या वाटीतला चिमूटभर खरवडून दिला. मग सात नंबरला दिला. चढावरच्या दोन घरांना दिला. त्या जोडप्याला, ज्यांची भाषा कुणालाच येत नाही, त्यांनाही दिला. एकूण अकरा घरं. खालच्या मदत केंद्राला वाटायचं, आरसेनगरच्या भट्ट्या फार चांगल्या आहेत, बिघडतच नाहीत.

रोज चार वाजता वन्सं बाहेर पडायच्या. गुडघे मोकळे करून येते, म्हणायच्या. कांचनला वाटायचं, वळणापर्यंत जात असतील. अकरा वर्षं एका छताखाली काढली आणि या बाईला अकरा घरं होती हे तिला आज कळत होतं. आधी राग आला. मला का नाही सांगितलं, म्हणून कडकडून भांडावंसं वाटलं. मग लक्षात आलं, सांगितलं असतं तर आपण म्हटलं असतं, नसत्या उठाठेवी कशाला करता.

चहा झाला. दुसराही झाला. आंगमो तिला आपल्या तळघरात घेऊन गेली. तिनं भट्टीच्या वाटीतून खिळ्यानं एक टवका काढला आणि एका छोट्या पितळी डबीत घातला. डबीवर नाव कोरलेलं होतं, र. वि. माने. ती हिंगाची डबी कांचन तीन वर्षं शोधत होती आणि तिच्यावरून वन्संना काय काय बोलली होती.

तिथं कांचनची नजर आंगमोच्या साठ्याच्या पडद्यावर गेली. पंचावन्न बरण्यांवर लाल फुली होती.

"नळाला चीर गेली," आंगमो म्हणाली. "उन्हाळ्यात भरल्याच न्हाईत. संक्रांतीपर्यंत पुरंल. मग आईला घिऊन ऊबघर. आई न्हाई म्हणती, पर न्हाई म्हणून काय करती."

ती हे मागण्यासाठी बोलली नव्हती. आज वारं आहे म्हणावं तसं बोलली. कांचननं मान हलवली, डबी पदराखाली धरली आणि तेवीस पावलं चालून घरी आली. तापमापक पाचवर आला होता.

तळघरात तिनं टवका वाटीत ठेवला आणि दांडा खाली केला. वाटी बरणीच्या झडपेला टेकली. आधी काहीच झालं नाही. मग झडपेच्या काचेत एक पांढरी रेघ उमटली, तिला फांद्या फुटल्या, फांद्यांना डहाळ्या, आणि बघता बघता अख्खी बरणी दुधासारखी थिजली. पोलादाला हात लावला तर कोमट. मग गरम. मग इतकं गरम, की तिनं हात मागं घेतला आणि पुन्हा ठेवला.

१९ मे सुरू झाला होता.

भिंतीतल्या नळ्या टिकटिकायला लागल्या. वरच्या मजल्याची फरशी कुरकुरली. कांचन बरणीला पाठ टेकून बसली. अबोल्याचा दिवस होता, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. तरी थोड्या वेळानं ती म्हणाली, "फडकी मी मुद्दाम टाकली होती. बघून टाकली होती."

कुणी काही उलटून बोललं नाही. ऊब मात्र येत राहिली.

"भट्टी कार्यान्वित झाली आहे," भट्टी म्हणाली. "उष्णतेचे नियोजन करण्यासाठी माहिती हवी आहे. या हिवाळ्यात घरात किती व्यक्ती राहतील?"

पडद्यावर हिशेब आला. एका व्यक्तीसाठी एकच खोली उबदार, बरणी दीड दिवस टिकणार, साठा मेच्या मध्यापर्यंत. तिघांसाठी दोन खोल्या, रोज एक बरणी, साठा मार्चच्या मध्यापर्यंत.

मेपर्यंत म्हणजे सहा महिने. सहा महिने वन्संना जपून, पुरवून पुरवून वापरता येईल. एकाच खोलीत, दार लावून. वन्संची खोली बंदच राहील, तशी ती दोन वर्षं बंदच आहे. आणि आंगमोची आई वाटाण्याची परात घेऊन ऊबघरात भजनं ऐकेल.

त्या दोघी येतील की नाही, हे तरी कुणाला ठाऊक. दोन वर्षं जिनं दारात उभं केलं नाही, ती आज येऊन म्हणणार, राहायला या. आंगमो बोलायला फटकळ. तिला तसं घडवणारी कांचनच. म्हातारी तर स्वतःचं घर सोडायलाच तयार नाही. आणि आल्याच, तर वन्संच्या खोलीतलं काय काय हलवावं लागेल. कुणी गोधडी कुठंही टाकेल. कुणी भट्टी वाढवेल.

"कृपया व्यक्तींची संख्या सांगावी," भट्टी म्हणाली.

कांचननं घसा साफ केला.

"तीन."

भट्टीच्या आत कुठंतरी बारीक गुरगुर झाली, घरभर हवा चाचपल्यासारखी. कांचन श्वास रोखून बसली होती, आणि तेही तिच्या लक्षात उशिरा आलं.

"घरात सध्या एकाच व्यक्तीचा श्वास जाणवत आहे," भट्टीनं अदबीनं विचारलं. "उर्वरित दोन व्यक्ती केव्हा येणार आहेत?"